कान आणि काडतूस : पिस्तूल नेमबाजीच्या सरावाची प्रस्तावना

पिस्तुलाने लक्ष्यावर नेम धरण्याच्या सरावात, सुरक्षेचे सारे नियम पाळले आणि एकही गोळी भलतीकडे गेली नाही, तरीही शरीराची एक हानी होत राहू शकते. ती कानाची असते, ती वेदनेवाचून होते आणि एकदा झाली की भरून येत नाही. तरीही नेमबाजी शिकवताना हा विषय बहुधा शेवटी, आणि तोही एका वाक्यात उरकला जातो, तर काडतुसाची निवड हा विषय दुकान, परवाना आणि पैसे यांच्या हिशेबात पडून राहतो. प्रस्तुत पुस्तकाने या दोन विषयांची जोडणी मुद्दाम केली आहे, कारण कानावर आदळणारा आवाज काडतुसातूनच निघतो, आणि त्यामुळे कानाच्या रक्षणाचा पहिला निर्णय इअरमफ डोक्यावर चढवण्याच्या कितीतरी आधी, कोणत्या जातीचे काडतूस वापरायचे हे ठरवताना झालेला असतो. दुसरा निर्णय पहिल्याची उरलेली जबाबदारी उचलतो, आणि पहिला चुकला तर दुसऱ्यावर पडणारे ओझे दुसऱ्याला पेलेलच असे नाही.

हे पुस्तक डोळ्यांसमोर ठेवते तो वाचक संग्रामपूरसारख्या तालुक्यातला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्याच्या डोंगराळ भागात अंबाबरवा अभयारण्य आहे, खाली कपाशी, सोयाबीन आणि हरभऱ्याचा मुलूख आहे, आणि बंदुकीचा आवाज येथे अपरिचित नाही. रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात तेव्हा त्यांना पिटाळण्यासाठी मोठा आवाज करणे हा शेतकऱ्याचा जुना उपाय आहे; महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेचा छात्र ०.२२ च्या रायफलीने जमिनीवर आडवे पडून पहिली गोळी झाडतो. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण पुढे सेवेत गेला की त्याच्या हाती पिस्तूल येते. याउलट ‘पिस्तूल’ हा शब्द या भागातील वर्तमानपत्रांत भेटतो तो बहुतेक वेळा गुन्हेवृत्ताच्या स्तंभात, कारण डोंगरापलीकडच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरीसारख्या गावांची नावे बेकायदा बनावटीच्या हत्यारांशी जोडली गेली आहेत. अशा हत्याराचा या पुस्तकाशी संबंध नाही. मात्र एवढे नोंदवणे भाग आहे की ज्या नळीची दाबचाचणी कधी झालेली नाही आणि जिच्या कक्षेचे माप काडतुसाशी जुळेलच याची हमी नाही, ती नळी चालवणाऱ्याच्या कानाला आणि हाताला सारखीच धोकादायक असते. खेळ म्हणून पिस्तुलाकडे पाहण्याची सवय या भागात लागायची असेल तर ती मापे, नियम आणि नोंदी यांच्या मार्गानेच लागेल.

तशी सवय महाराष्ट्राला नवी नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही असंख्य नवोदित नेमबाजांची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत नेलेली, तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत पोहोचवलेली आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदकाने पुढे नेलेली परंपरा मुख्यतः रायफलीची आहे. पिस्तुलाच्या बाबतीत पहिले नाव घ्यावे लागते ते कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषकाचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी ३४ गुणांवर बरोबरी झाल्यानंतर दोनदा बरोबरीफेरी खेळून त्यांनी सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकाराची रचना लक्षात घेतली तर कानाचा प्रश्न आपोआप समोर येतो. पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात; पहिल्या ३० सावकाश नेम धरून, पाच गोळ्यांना पाच मिनिटे या हिशेबाने, आणि उरलेल्या ३० लक्ष्य तीन सेकंद समोर दिसते तेवढ्या अवधीत प्रत्येकी एक. ही स्पर्धेतील संख्या झाली. सरावात ती कितीतरी पटींनी वाढते, आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांचा आवाजही त्याच कानांवर येत असतो, हे हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात.

आवाज मोजण्याचे एकक डेसिबल हे आहे, आणि ते साध्या बेरजेने चालत नाही, ही गोष्ट आरंभीच समजून घेणे आवश्यक आहे. डेसिबलची पट्टी गुणोत्तरावर आधारलेली असल्याने १० डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दसपट, आणि २० डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. दिवसाचे आठ तास, वर्षानुवर्षे सहन करण्याची मर्यादा अनेक देशांतील आरोग्यसंस्था ८५ डेसिबल मानतात, तर भारतातील कारखान्यांसाठी ती ९० धरली जाते. क्षणिक आघाती आवाजाचा हिशेब मात्र निराळा आहे. तेथे सरासरी न मोजता सर्वोच्च शिखर मोजतात, आणि हे शिखर १४० डेसिबलच्या वर गेले तर एका आघातानेही कानाला इजा संभवते असे मानले जाते. ०.२२ च्या पिस्तुलाचा आवाज नेमबाजाच्या कानापाशी साधारणतः १५० डेसिबलच्या घरात आणि ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा १६० च्या घरात असतो. भारतीय नियमांनी फटाक्यांना चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलच्या शिखराची मर्यादा घालून दिली आहे हे आठवले, तर सर्वांत सौम्य मानले जाणारे पिस्तूलही त्या मर्यादेपलीकडे, आणि तेही कानापासून हातभर अंतरावर वाजत असते, हे ध्यानात येईल.

हातभर अंतर हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः घ्यायचा आहे. रायफलीची नळी लांब असते, दारू नळीतच बरीचशी जळून संपते आणि नळीचे तोंड कानापासून दूर राहते. शिवाय उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचे डोके किंचित वळलेले असल्यामुळे उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या बाजूला उघडा पडतो. जुन्या शिकाऱ्यांचा आणि सैनिकांचा एकच कान अधिक अधू आढळतो त्याचे हेच कारण. पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. २५ मीटर प्रकारात नळीची कमाल लांबी १५३ मिलिमीटर असते, हात समोर ताठ असतो, आणि नळीच्या तोंडाशी फुटणारा वायूचा लोट दोन्ही कानांपासून जवळपास सारख्याच अंतरावर असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये भर पडते ती फिरत्या चक्राच्या आणि नळीच्या मधल्या फटीची, कारण तेथूनही तप्त वायू बाजूला निसटतो आणि आवाजाचा दुसरा उगम तयार होतो. ‘रायफल चालवली आहे, त्यामुळे आवाजाची सवय आहे’ हे विधान पिस्तुलाच्या बाबतीत म्हणूनच गैरलागू ठरते. आणि ‘सवय आहे’ या दोन शब्दांत तर बहुधा झालेल्या हानीचीच कबुली दडलेली असते.

मोठ्या आवाजापासून स्वतःला वाचवण्याची थोडी सोय निसर्गाने कानात केलेली आहे. मध्यकर्णातील रिकिबी या इवल्याशा हाडाला जोडलेला स्नायू मोठा आवाज येताच आखडतो आणि आत जाणारे कंपन कमी करतो. परंतु त्याला हालचाल करायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो, आणि गोळीच्या स्फोटाचे शिखर तर काही सहस्रांश सेकंदांत येऊन गेलेले असते. स्नायू जागा होतो तोवर लाट आतल्या कर्णशंखात शिरलेली असते. गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या असलेल्या या पोकळीत द्रव भरलेला असतो आणि त्यात सुमारे पंधरा हजार रोमपेशी, म्हणजे टोकाशी सूक्ष्म केसांचे झुबके असलेल्या पेशी, रांगांनी बसलेल्या असतात. द्रवाची हालचाल हे केस वाकवते आणि त्यातून मज्जातंतूकडे संदेश जातो. अतितीव्र लाटेने हे केस मोडतात, पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. सरावानंतर काही तास कान बधिर वाटणे आणि आत घूं असा अखंड नाद ऐकू येणे ही या आघाताची पहिली खूण होय. बधिरता दुसऱ्या दिवशी ओसरते म्हणून ती विसरली जाते, परंतु प्रत्येक वेळी सारेच पूर्ववत होते असे नाही.

या हानीचा आरंभ ३,००० ते ६,००० हर्ट्‌झ या उच्च कंपनसंख्येच्या पट्ट्यात, विशेषतः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होतो, आणि श्रवणालेखावर, म्हणजे निरनिराळ्या कंपनसंख्यांना कान किती मंद आवाज पकडतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, तेथे एक खळगा पडलेला दिसतो. बोलण्याचा मुख्य भार वाहणारे स्वर या पट्ट्याच्या खाली असल्यामुळे माणसाला आवाज ऐकू येत राहतो. हरवतात ती स, श, फ, थ यांसारखी पातळ, झिरपणारी व्यंजने. परिणामी ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार सुरू होते, आणि ती करणारा स्वतः समोरच्याच्या पुटपुटण्याला दोष देत असतो. खेड्यात हा दोष आणखी उशिरा उघडकीला येतो. लहान खोलीत, ओळखीच्या माणसांशी, ओळखीच्या विषयांवर चाललेले बोलणे अर्धे अंदाजानेही समजते. श्रवणतपासणीसाठी खामगाव किंवा अकोल्याचा रस्ता धरावा लागतो, आणि दुखत नसलेल्या अवयवासाठी दिवसाची मजुरी बुडवून कोणी तो रस्ता धरत नाही.

आवाजाच्या उगमाकडे वळताना काडतुसाची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा एक जुडगा : पितळी पुंगळी, तिच्यातील दारू, पुढे बसवलेली शिशाची गोळी आणि हातोडीच्या घावाने पेटणारे ज्वालक. बोलीत अवघ्या जुडग्याला ‘गोळी’ म्हणतात आणि पोलिसांच्या बोलण्यात ‘राउंड’. या पुस्तकात गोळी हा शब्द फक्त उडून लक्ष्यावर जाणाऱ्या भागासाठी वापरला आहे. ०.२२ च्या काडतुसात ज्वालक पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेले असते, म्हणून त्याला कडज्वाली म्हणावे. मोठ्या काडतुसांत ते बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत बसवतात, म्हणून ती मध्यज्वाली. कडज्वाली काडतूस पुन्हा भरता येत नाही, पण ते स्वस्त पडते, त्याचा धक्का अल्प असतो, आणि साधारण २.६ ग्रॅम वजनाची त्याची शिशाची गोळी २५ मीटरवरच्या कागदासाठी पुरेशी आहे. ऑलिंपिकमधील पिस्तुलाचे २५ मीटरचे प्रकार याच काडतुसाने खेळले जातात. शीघ्रगती प्रकारात २००४ पर्यंत याहूनही आखूड ०.२२ शॉर्ट हे काडतूस चालत असे, कारण पाच लक्ष्यांवर चार सेकंदांत पाच गोळ्या टाकताना नळीची उसळी जेवढी कमी तेवढे बरे. २००५ पासून नियम बदलले आणि तेथेही लाँग रायफल हेच लांब काडतूस आले.

काडतुसाच्या डब्यावरील वेगाच्या आकड्याने अनेकांची दिशाभूल होते. जास्त वेग म्हणजे जास्त अचूकता असा सरळ समज असतो, तो २५ मीटरवर साफ चुकीचा आहे. अतिवेगवान काडतुसातील जादा दारू आखूड नळीत पूर्ण जळत नाही. ती नळीबाहेर जळते आणि लखलखाट, धक्का व आवाज यांत रूपांतरित होते, म्हणजे खर्च केलेल्या पैशांचा काही भाग कानावर येऊन पडतो. दुसरा समज याच्या उलट टोकाचा आहे : ध्वनीहून कमी वेगाचे, म्हणजे ‘सबसॉनिक’ लिहिलेले काडतूस घेतले की पिस्तूल शांत होते. गोळी ध्वनीच्या वेगापुढे गेली तर तिच्यामागे एक कडाका उमटतो हे खरे आहे, आणि रायफलीत त्याचा विचार करावा लागतो. पण पिस्तुलाच्या आखूड नळीतून ०.२२ ची बहुतेक काडतुसे मुळातच ध्वनीच्या वेगाखाली राहतात. शिवाय ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो : डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर मे महिन्यात वऱ्हाडातला पारा ४५ अंशांवर गेला की तो सुमारे ३५८ मीटर होतो, त्यामुळे उन्हाळ्यात तर ती सीमा गोळीच्या आणखी पलीकडे सरकते. पिस्तुलाचा आवाज जवळजवळ सगळाच नळीच्या तोंडाशी होणाऱ्या वायूच्या स्फोटाचा असल्याने डब्यावरच्या त्या शब्दासाठी जादा पैसे मोजून कानाला फारसे काही मिळत नाही. ०.२२ च्या एका नमुन्याऐवजी दुसरा घेतल्याने आवाजात पडणारा फरक थोडा, ०.२२ ऐवजी ९ मिलिमीटर वा ०.३५७ घेतल्याने पडणारा फरक दसपट तीव्रतेचा. म्हणून कानाच्या दृष्टीने महत्त्वाची ती काडतुसाची जात. त्या जातीतील नमुना आणि खेप यांचा प्रश्न मुख्यतः गुणांचा आहे.

त्या गुणांच्या प्रश्नाला पुस्तकात दोन प्रकरणे दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ ही नावे स्पर्धक घेतात ती त्या काडतुसांच्या एकसारखेपणासाठी, म्हणजे एकाच खेपेतील प्रत्येक गोळी जवळपास त्याच वेगाने निघावी म्हणून. तरीही एका पिस्तुलाला मानवलेली खेप दुसऱ्याला मानवेलच असे नाही. पिस्तूल शिकंजात बांधून, एकाच खेपेच्या दहा-दहा गोळ्या झाडून, कागदावरील छिद्रांचा घोस किती घट्ट बसतो हे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. स्वयंभरण पिस्तुलात आणखी एक अट असते : झडप मागे ढकलून रिकामी पुंगळी बाहेर फेकायला आणि पुढचे काडतूस कक्षेत घ्यायला लागणारा जोर काडतुसानेच पुरवायचा असतो. फार मवाळ काडतुसाने पिस्तूल अडकते, आणि शीघ्रगती मालिकेत एकदा अडकलेले पिस्तूल गुणांबरोबर चित्तही घेऊन जाते. संग्रामपूरच्या हवामानात साठवणीचाही विचार हवा, कारण गोळीवरचे मेणासारखे वंगण उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या डब्यात पातळ होऊन पसरते आणि तापलेल्या दारूचा दाबही बदलतो.

मध्यज्वाली काडतुसांत भारतातील खाजगी परवानाधारकाच्या वाट्याला येते ते बहुतेक वेळा ०.३२, कारण ९ मिलिमीटर पॅराबेलम हे सैन्य आणि पोलीस यांचे काडतूस असून सामान्य नागरिकांसाठी ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. येथे एका घोटाळ्याचा इशारा देणे आवश्यक आहे. ०.३२ या एकाच नावाची दोन काडतुसे बाजारात असतात, एक रिव्हॉल्व्हरचे आणि एक पिस्तुलाचे. त्यांची लांबी वेगळी, कड वेगळी, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. रिव्हॉल्व्हरच्या लांब काडतुसाचा लक्ष्यवेधी अवतार, ज्यात गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट कापलेली असते, तो आंतरराष्ट्रीय मध्यज्वाली स्पर्धेतही वापरला जातो. सपाट तोंडाची गोळी कागद फाडत नाही, पंचने पाडल्यासारखे गोल छिद्र कापते, आणि गुणरेषेला छिद्र लागले की नाही हा वाद मिटतो. देशी काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरे दिसतात ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना आणि संग्रामपूरहून फार दूर नसलेला, भुसावळजवळच्या वरणगावचा लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना, हे दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. ज्या पट्ट्यातील कित्येक घरांत कारखान्याची नोकरी हा अभिमानाचा विषय आहे, तेथे काडतूस बनवणाऱ्याला इअरमफ सक्तीचा आणि ते झाडणाऱ्याला ऐच्छिक, ही विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

आरंभ करणाऱ्याने मात्र या साऱ्याच्या अलीकडून, हवेच्या पिस्तुलाने सुरुवात करावी, अशी पुस्तकाची स्पष्ट भूमिका आहे आणि ती उचलून धरण्याजोगी आहे. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा शिशाचा छर्रा १० मीटरवर टाकणाऱ्या या पिस्तुलात दारू नसते, स्फोट नसतो, आणि २० जूल ऊर्जेच्या व ०.१७७ इंच व्यासाच्या आतील अशा साधनाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. बंद खोलीत त्याचाही टणका कानाला जाणवतो, पण तो दारूच्या पिस्तुलाच्या कितीतरी खाली असतो. ट्रिगर ओढण्याची क्रिया, श्वास आणि नजर यांची घडी याच साधनावर बसते, पुढे ०.२२ हाती आल्यावरही काडतुसाविना केलेला रिकामा सराव हाच दिवसाचा मोठा भाग असतो. फक्त कडज्वाली पिस्तुलात रिकाम्या कक्षेवर हातोडी आपटू देऊ नये, कारण ती कक्षेच्या कडेवर घाव घालते. त्यासाठी नकली काडतूस घालावे. जी गोळी झाडलीच नाही तिच्यापासून कानाला कसलाही धोका नसतो.

आता संरक्षक साधनांविषयी. कापसाच्या या मुलखात कानात कापसाचे बोळे घालण्याची कल्पना सर्वांनाच प्रथम सुचते, आणि तीच सर्वांत निरुपयोगी आहे : कापूस हवा अडवत नाही आणि जे हवा अडवत नाही ते आवाजही अडवत नाही. फेसाळ पदार्थाचे, दाबले की बारीक होऊन पुन्हा फुगणारे इअरप्लग स्वस्त असतात आणि नीट बसले तर उत्तम काम करतात, पण बहुतेकांच्या कानात ते अर्धेच शिरलेले असतात. प्लग बोटांत वळून बारीक करावा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी म्हणजे वाकडी कर्णनलिका सरळ होते, मग तो आत सारून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. समोरून पाहणाऱ्याला प्लग ठळक दिसत असेल तर तो बसलेला नाही. कानावरून बसणारा इअरमफ लावायला सोपा, पण त्याची गादी कातडीला सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. चष्म्याची जाड काडी, उपरण्याचा पदर, केसांची बट किंवा मे महिन्यातला घाम यांपैकी काहीही मध्ये आले की त्या फटीतून बरीचशी कमाई वाहून जाते. डब्यावर लिहिलेला संरक्षणाचा आकडा प्रयोगशाळेतील असतो, प्रत्यक्षात तो लक्षणीय कमी धरावा. प्लगवर मफ चढवणे हा बंदिस्त वा पत्र्याच्या छपराखालील रेंजवर आणि मध्यज्वाली काडतुसांसाठी योग्य उपाय आहे. मात्र दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही, एकट्या साधनावर साधारण ५ ते १० डेसिबलची भर पडते, आणि कवटीच्या हाडांतून आत जाणारा आवाज तर कोणत्याच मफाने थांबत नाही.

इलेक्ट्रॉनिक इअरमफ, जो बोलणे आत सोडतो आणि स्फोट होताच ते दार बंद करतो, तो प्रशिक्षणात फार उपयोगी असतो, कारण नवशिक्याला ‘थांबा’ हा हुकूम ऐकू येणे हीदेखील सुरक्षाच आहे. तथापि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धकाला ग्रहणयंत्र असलेला मफ वापरता येत नाही. ज्याचा सराव फक्त इलेक्ट्रॉनिक मफात झाला आहे त्याला स्पर्धेतील शांतता परकी वाटते, म्हणून निदान काही सत्रे साध्या मफात घ्यावीत. गुणांशी या साधनांचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापणी मिटणे आणि मानेचे स्नायू आखडणे ही उपजत क्रिया आहे. काही डझन गोळ्यांनंतर शरीर आवाजाची वाट पाहू लागते आणि ट्रिगर सुटण्याच्या आधीच मनगट खाली झुकते. प्रशिक्षक ज्याला दचका म्हणतात आणि ज्यावर धीर धरण्याचा उपदेश करतात, त्याचे औषध कित्येकदा उपदेशाऐवजी सौम्य काडतूस आणि नीट बसलेला प्लग हेच असते.

कान झाकताना एक सावधगिरी मात्र सोडता येत नाही. कधी काडतूस पेटतच नाही. तेव्हा नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे लागते, कारण ते उशिरा पेटू शकते. कधी नेहमीच्या कडाक्याऐवजी मऊ फटका येतो आणि धक्का जवळजवळ जाणवत नाही. त्या वेळी गोळी नळीत अडकलेली असण्याचा संभव असतो आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. मफातूनही हा फरक कळण्याइतका हात जागा हवा. ज्वालकातील आणि गोळीतील शिशाच्या धुळीचा विषय पुस्तकात स्वतंत्र आहे. येथे एवढेच पुरे की रेंजवर खाऊ नये, आणि प्लग बोटांत वळण्याआधी हात धुवावेत.

कायद्याचे प्रकरण मुद्दाम लहान ठेवलेले दिसते आणि त्यात तक्रारीला जागा नाही, कारण परवाना, काडतुसांची कमाल संख्या आणि खेळाडूंना मिळणारी सूट यांचे तपशील बदलत असतात आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयातूनच विचारून घ्यावेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात झाडलेली गोळी हा स्वतंत्र शिक्षापात्र गुन्हा ठरला, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक असावे. अभयारण्याच्या हद्दीत किंवा शेताच्या बांधावर ‘सराव’ करण्याचा प्रश्न तर उद्भवतच नाही.

पुस्तकाच्या अखेरीस जोडलेली नोंदवही हा त्याचा सर्वांत उपयुक्त भाग ठरण्याचा संभव आहे. तिच्या डाव्या पानावर तारीख, काडतुसाची जात, डब्यावरील खेप क्रमांक, झाडलेल्या गोळ्या, अडकलेल्या वा न पेटलेल्या काडतुसांची संख्या आणि गुण यांचे रकाने आहेत, आणि उजव्या पानावर वापरलेले कर्णसाधन, रेंज उघडा की बंदिस्त, आणि त्या रात्री कानात नाद होता की नव्हता. सराव सुरू करण्यापूर्वी एक श्रवणालेख काढून तो पहिल्या पानावर चिकटवावा आणि नंतर दरवर्षी, सरावापासून निदान दोन दिवस दूर राहून, नवा काढावा, अशी सूचना आहे. ४,००० हर्ट्‌झच्या रकान्यातील आकडा मागील वर्षाहून १० डेसिबलने वाढलेला दिसला तर डाव्या पानावरचे काडतूस आणि उजव्या पानावरचा मफ, दोन्ही बदलावेत.